गुन्हेगारीला वस्ती जबाबदार की माणसाचा स्वतःवरचा ताबा?

दोन्ही. पण वस्तीकडे आपण फार कमी बघतो. गुन्हेगारीचे अभ्यासक गॉटफ्रेडसन आणि हिर्शी यांनी १९९० मध्ये आत्मसंयमावर बोट ठेवलं. त्यांच्या मते तो लहानपणी, घरच्यांच्या लक्ष ठेवण्यातून घडतो. समाजशास्त्रज्ञ सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी मात्र १९९७ मध्ये शिकागोत दाखवलं की जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असतो आणि ते पोरांना हटकतात, तिथे हिंसा कमी असते, गरिबी जमेस धरूनही.

आपल्या धुळ्याकडे ओट्यावरची आजी अनोळखी पोराला "कोना पोऱ्या शे रे तू?" विचारतेच. तापट, उतावळी पोरं तिथेही असतात. पण शाळा बुडवून टपरीवर दिसली की संध्याकाळच्या आत घरी कळतं. कुणी कुणाला ओळखत नाही अशा कॉलनीत त्याच पोराला अडवणारं कुणीच नसतं.