ब्रिटनमध्ये आश्रय मागितला की सरकार हॉटेलात ठेवतं आणि वर पगारही देतं, हे खरं आहे का?

तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमधलं ‘हॉटेल’ खरं आहे, ‘पगार’ मात्र कुणीतरी पदरचा घातलाय. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि दर शनिवारी आश्रयार्थींना इंग्रजी शिकवायला जातो, त्यामुळे यातलं बरंचसं जवळून पाहिलेलं आहे.

आपण मराठीत सगळ्यांनाच ‘निर्वासित’ म्हणून मोकळे होतो. इथे अर्ज केलाय पण निकाल लागलेला नाही, तो आश्रयार्थी; मंजुरी मिळाली की निर्वासित. तुमचा प्रश्न पहिल्याचा आहे. त्याला मदत मिळते ती 1999 च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्याच्या कलम 95 खाली, आणि तीही आपोआप नाही. राहायला जागा नाही, किंवा पुढच्या 14 दिवसांत खाण्यापिण्याचीही सोय होणार नाही, हे पटवून द्यावं लागतं.

हाताने करून खायची सोय असलेल्या घरात ठेवलं, तर 2025 च्या दराने माणशी आठवड्याला 49.18 पौंड मिळतात. ते अस्पेन नावाच्या कार्डावर जमा होतात. गरोदर बाई किंवा अगदी लहान मूल असेल तर थोडी भर पडते. पण हॉटेलात ठेवलं, तर जेवण तिथलं म्हणून मिळतात फक्त 9.95 पौंड. दिवसाला नव्हे, आठवड्याला. लंडनबाहेर बसच्या एकेरी तिकिटाची कमाल मर्यादा 3 पौंड आहे. वकिलाकडे एकदा जाऊन आलं की 6 संपले. उरलेल्या चारात मोबाइलचा डेटा, आणि चपला तुटल्या तर त्याही त्यातच. माझ्या वर्गाला काहीजण तासभर चालत येतात, ते काही हौसेने नाही.

हॉटेलात बऱ्याचदा अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत राहावं लागतं, स्वतः काही शिजवता येत नाही. कुठल्या गावी पाठवायचं ते सरकार ठरवतं. आता खर्चाचं बघा. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या मे 2025 च्या अहवालाप्रमाणे हॉटेलांत होते 35 टक्के लोक, पण निवाऱ्याच्या खर्चातला 76 टक्के वाटा हॉटेलांचा होता. म्हणजे ‘अफाट पैसा जातो’ ही तक्रार खोटी नाही. तो आश्रयार्थीच्या खिशात जातो, हे खोटं.

यावर ‘मग काम का करत नाहीत?’ हा प्रश्न ठरलेला. कारण मनाई आहे! अर्जाला 12 महिने होऊनही निकाल नाही, आणि उशीर अर्जदारामुळे झालेला नाही, तरच परवानगी मागता येते; तीही सरकारने ठरवलेल्या यादीतल्या कामांपुरती. माझ्या वर्गात एक न्हावी होता. कैची हातात आली की वेगळाच माणूस वाटायचा. हॉटेलातल्या सगळ्यांचे केस तो फुकट कापायचा, कारण पैसे घेतले तर गुन्हा.

दवाखाना आणि मुलांची शाळा मात्र खरोखर मोफत आहे, त्याबद्दल नावं ठेवायला जागा नाही.

मंजुरी आली की सुटले, असं मलाही वाटायचं. पण मंजुरीनंतर ही मदत थांबते. मुदत नियमाने 28 दिवसांची (डिसेंबर 2024 पासून काही काळ प्रयोग म्हणून 56 दिवस दिले होते). तेवढ्यात नोकरी शोधायची आणि अनामत भरून खोलीही मिळवायची. त्या न्हाव्याचा अर्ज मंजूर झाल्याचं कळलं, त्या शनिवारी मी अभिनंदन करायच्या तयारीत वर्गात गेलो. तो पाठोपाठ आलेलं दुसरं पत्र घेऊन दारातच उभा होता. खोली कोणत्या तारखेला सोडायची, ते त्याला माझ्याकडून नीट वाचून घ्यायचं होतं.