वयाच्या माथी मारण्यापूर्वी

पन्नाशी जवळ आल्यापासून म्हातारपणाची धास्ती वाटते, ती योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. वय वाढते याची चिंता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र घरातील माणसे आपली प्रत्येक तक्रार वयाच्या माथी मारू लागली, तर चिंता अवश्य करावी.

सत्तरी ओलांडल्यानंतर माझे वडील हळूहळू अबोल झाले. चारचौघांत बसले तरी बोलण्यात भाग घेत नसत, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत आणि मग ओशाळून उठून जात. माझ्या थोरल्या बंधूंनी त्यांना विस्मरण जडल्याचे ठरवून टाकले आणि ‘या वयात असे चालायचेच’ म्हणून विषय मिटवला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, त्यांनीही मान डोलावली. मला ते पटेना, कारण शांत खोलीत समोरासमोर बसल्यावर वडील पूर्वीच्याच तल्लखपणे बोलत आणि माझ्या बोलण्यातील चुकाही काढत. अखेर बंधूंचा विरोध पत्करून मी त्यांची श्रवणचाचणी करवली, तेव्हा वरच्या पट्टीतील ध्वनी त्यांना फारच कमी ऐकू येत असल्याचे आलेखात दिसले. वयोमानाने येणारा बहिरेपणा बहुधा असाच असतो: स्वर ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात, त्यामुळे आवाज ऐकू येऊनही बोलणे कळत नाही. (अशा माणसाशी ओरडून बोलण्याने फारसे साधत नाही, हे आमच्या घरी आजही काहींना सांगावे लागते.) श्रवणयंत्रांची सवय व्हायला वेळ लागला, पण वडील पुन्हा वाद घालू लागले. ‘या वयात एवढा खर्च कशाला’ हा बंधूंचा हेका तरीही सुटला नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत ऐकू न येणे हाही एक आहे, हे मी त्यांना दाखवले, त्यांनी चष्मा सापडत नसल्याचे सांगितले.

शरीराच्या ताकदीचीही तीच गोष्ट आहे. तिशीनंतर स्नायू घटू लागतात हे खरे, परंतु 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी वजने उचलण्याचा व्यायाम 8 आठवडे केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. सहभागी अवघे 10 होते, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा पन्नाशीत गुडघे कुरकुरले म्हणून कोणी आपल्याला खुर्चीत बसवू पाहत असेल, तर त्याचे ऐकू नये.

अर्थात, सगळेच भरून निघते असे नाही. डोळ्यांतील भिंग ताठर होते ते पुन्हा लवचीक होत नाही, आणि श्रवणयंत्र लावूनही गर्दीत वडिलांना त्रास होतच असे. तरीही आधी तपासणी करावी आणि दुसरे कोणतेच कारण सापडले नाही, तरच वयाला बोल लावावा. थोरल्या भावाचे मत म्हणजे तपासणी नव्हे.