वाचकांचे प्रश्न : लाइन गेल्यावरचा दिवा

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुक्यात आहे. उन्हाळा संपत आला की सायंकाळी वादळ सुटते, लाइन जाते आणि कधी कधी चार-पाच तास येत नाही. मुलगी यंदा दहावीत आहे. सासूबाईंना रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि गोठा घरामागे असल्याने अंधारात तिकडे जायची भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी मागून प्लग ओढून भिंतीला लावायचा इमर्जन्सी लाइट आणला होता. तो पहिल्या पावसाळ्यात चांगला चालला, पण हिवाळाभर कपाटावर राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात काढला तेव्हा पाच मिनिटांत विझू लागला. डब्यावर तर ‘आठ तास’ लिहिले होते. आता नवा घेताना काय पाहावे? त्याऐवजी आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब चालेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावरून वाटते की त्या दिव्यात शिशाची सीलबंद बॅटरी असावी. असा दिवा हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतो. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात, आणि हे थर एकदा घट्ट झाले की नंतर कितीही चार्ज केले तरी बॅटरी पूर्वीसारखी भरत नाही. तुमचा दिवा वापराने नव्हे, तर हिवाळाभर न वापरल्याने गेला, असे म्हणावे लागेल. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहीत आहे.

‘आठ तास’ हा आकडा बहुधा सर्वांत मंद उजेडाचा असतो. त्याऐवजी डब्यावर बॅटरीचे व्होल्ट आणि एमएएच (मिलिअँपिअर-तास) शोधावेत. या दोघांचा गुणाकार करून १००० ने भागले की बॅटरीत किती वॉट-तास वीज मावते ते कळते. उदाहरणार्थ, ३.७ व्होल्ट आणि ४००० एमएएच म्हणजे सुमारे १५ वॉट-तास. त्यातली काही वीज आतल्या सर्किटमध्ये वाया जाते, तेव्हा हाती साधारण १२ धरावेत. ५ वॉटचा एलईडी त्यावर अडीच तासांच्या आसपास चालेल, आणि तोच दिवा २ वॉटवर ठेवला तर सहा तास. मुलीला तीन तास स्वच्छ उजेडात वाचायचे असेल, तर किमान २० वॉट-तासांची बॅटरी आणि उजेड कमी-जास्त करण्याची सोय असलेला दिवा पाहावा. मुलगी झोपल्यावर तोच मंद करून सासूबाईंच्या खोलीत ठेवता येईल.

हा हिशेब करताना एक सावधगिरी हवी. अनेक दिव्यांत बोटाएवढा जाड, ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल असतो. अशा एका सेलमध्ये प्रत्यक्षात ३५०० एमएएचच्या फारसे वर काही मावत नाही. तेव्हा एकच सेल असलेल्या स्वस्त दिव्यावर १०,००० एमएएच छापलेले दिसले, तर तो आकडा खोटा समजावा आणि दिवा तिथेच ठेवून यावे. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

बॅटरीचा प्रकार निवडायचा झाल्यास माझे मत लिथियमच्या बाजूने आहे, आणि त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट मिळाली तर थोडे अधिक पैसे देऊनही तीच घ्यावी. ती उष्णतेला अधिक टिकून राहते आणि शिशाच्या बॅटरीच्या कितीतरी पट अधिक वेळा भरता-उतरवता येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली तर त्याहून जास्त तापते. लिथियमची साधी बॅटरी ४५ अंशांपेक्षा अधिक उष्णतेत चार्ज करू नये, असा तिचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून दिवा दुपारी चार्जिंगला न लावता पहाटे किंवा रात्री, मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत लावावा आणि चुलीपासून दूर ठेवावा. वापर नसेल त्या महिन्यांत लिथियमचा दिवा अर्धा भरून ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी थोडा चार्ज करावा. शिशाचाच घेतला, तर तो दरमहा पूर्ण भरावा लागेल.

चार्जिंगची पद्धतही महत्त्वाची आहे. मागून प्लग निघणाऱ्या स्वस्त दिव्यांत आतले सर्किट बरेचदा थेट घरच्या विजेशी जोडलेले असते, म्हणून असा दिवा प्लगमध्ये असताना उघडू नये आणि ओल्या हाताने तर मुळीच धरू नये. त्यांपैकी काहींत बॅटरी भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबत नाही आणि रात्रभर लावून ठेवल्याने बॅटरी खराब होते. मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे यूएसबी वायरने भरणारा दिवा या दृष्टीने बरा. शिवाय लाइन दोन दिवस आली नाही, तरी तो ट्रॅक्टरवरच्या मोबाइल चार्जरवर किंवा छोट्या सोलर पॅनेलवर भरता येतो.

इन्व्हर्टर बल्ब चालेल, मात्र त्याचा स्वभाव समजून घ्यावा. तो लावलेला असतो तेव्हाच त्याची बॅटरी भरते आणि पूर्ण भरायला बहुधा आठ-दहा तास लागतात. स्वयंपाकघरात रोज दोन तास लागणारा बल्ब त्यामुळे अर्धवटच भरलेला राहतो. लाइन गेल्यावर बटण चालूच ठेवावे लागते. मेन स्विच पाडला, तर घरातील बटण बंद केले आहे असे त्याला वाटू शकते आणि मग तो लागत नाही. बॅटरीवर त्याचा उजेडही कमी होतो, म्हणून अभ्यासासाठी त्यावर विसंबू नये. सायंकाळपासून उशिरापर्यंत दिवा चालू असतो अशा ओसरीत किंवा गोठ्याच्या वाटेवर तो एक लावावा. बंद काचेच्या गोळ्यात मात्र बसवू नये, कारण आतल्या उष्णतेने बॅटरी लवकर जाते. गोठ्याच्या वाटेसाठी पिवळसर उजेडाचा घेतला तर पावसाळ्यात किडेही कमी जमतील.

आणि ताई, या सगळ्यांआधी एक चांगली टॉर्च दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवावी, आणि ती रात्री जागेवर आहे ना हे रोज पाहावे. पावसाळ्यात गोठ्याकडे जाताना पायाखाली साप-विंचू दिसला पाहिजे, आणि ते काम खोलीतल्या दिव्याने होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे ४ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा जुना दिवा आहे. गावातील मोबाइल दुरुस्तीवाला म्हणतो की त्यात लिथियम सेल बसवून देतो, दिवा हलका होईल. बसवावा का?
– एक वाचक, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : बसवू नये. ४ व्होल्टची शिशाची बॅटरी भरताना तिचा चार्जर सुमारे ४.८ व्होल्टपर्यंत जातो, तर साध्या लिथियम सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेणे धोक्याचे आहे. तो फुगू शकतो आणि पेटही घेऊ शकतो. घरात कापूस किंवा कडबा साठवलेला असेल, तर हा धोका अजिबात पत्करू नये. दिव्याचा एलईडी आणि सर्किट चांगले असेल, तर त्याच व्होल्टची आणि त्याच मापाची नवी शिशाची बॅटरी बसवावी. विकत घेतानाच व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरने तपासून घ्यावी. दुकानात पडून पडून ती ४ व्होल्टच्या खाली उतरलेली असेल, तर दुसरी मागावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीकाठी टाकू नये, कारण त्यातील शिसे माती आणि पाण्यात मिसळते. ती नवी बॅटरी घेताना त्याच दुकानात परत द्यावी.