आधी उतरायच्या वाटा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही मिळाला. डोंगराची धार, म्हणजे माथ्यावरची अरुंद कड, धरून चार दिवस चालायचं, छत्तीस किलोमीटर, रोज नऊ. तंबू, शिधा, दोर सगळं पाठीवर. मेहनत दिसते. पण नकाशावर धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तू एकच लाल रेघ ओढली आहेस. तिच्यातून बाजूला उतरणारी एकही रेघ नाही. ते बघितलं आणि लगेच लिहायला बसले.

आधी तुझा वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो आजही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुझा दुसरा दिवस ९ किलोमीटरचा, ९०० मीटर चढाचा. म्हणजे सव्वातीन तासांच्या जरा वर. तू पाच तास धरलेस, तेव्हा भरपूर वेळ हाताशी ठेवलाय असं तुला वाटलं असणार. पण हा ठोकताळा पायवाटेचा आहे. जिथे हात लावल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, तिथे भरल्या सॅकसकट तासाला एक किलोमीटर झालं तरी मी चाल चांगली मानते. एखादा दहा मीटरचा कातळटप्पा आला की सॅक उतरवा, दोराने वर ओढा, ती कुठे अडकली तर सोडवा. तिघांना अर्धा तास कुठे जातो कळत नाही. दिवसाला पाच किलोमीटर धर. मग चाराचे सात दिवस होतील, सात दिवसांचा शिधा आणि इंधन पाठीवर येईल आणि त्या ओझ्याने चाल आणखी मंदावेल. म्हणून माझं स्पष्ट मत: या वेळी अर्धीच धार कर.

नकाशा काय लपवतो तेही बघ. तुझ्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचं अंतर २० मीटरचं आहे. त्या दोन रेषांच्या मध्ये १५ मीटरचा उभा कडा आरामात मावतो. पाच मजली इमारतीएवढा कडा, आणि कागदावर त्याची खूणही नाही! धारेवर अशीच तुटलेली ठिकाणं सगळ्यात जास्त वेळ खातात.

अशाच एका ठिकाणी मी अडकले होते. आम्ही दोघी होतो, दुसरा दिवस, दुपार कलली होती. धारेवर जेमतेम तीन मीटरचा टप्पा लागला, खाली सपाट कट्टा. सॅक दोराने सोडल्या, कडेला हातांनी लटकलो आणि खाली उड्या टाकल्या. दोन मिनिटांचं काम. पुढे पन्नास पावलांवर धार तुटली. दोर तीस मीटरचा होता. रॅपलिंग करून, म्हणजे दोराला धरून कड्यावरून उतरून, तो खालून ओढून घ्यायचा तर दुहेरी घालावा लागतो, म्हणजे पंधराच मीटर. टोकांना गाठी मारून खाली सोडला. त्या दोन गाठी हवेत झुलत राहिल्या, खालच्या घसाऱ्यापासून, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारापासून, कितीतरी वर. मग मागे फिरलो, तर तो तीन मीटरचा टप्पा खालून गुळगुळीत, मधेच पोट पुढे आलेला, बोट शिरेल अशी खोबण नाही. तोवर धुकं चढलं, कातळावरचं शेवाळं ओलं झालं. रात्र त्या कट्ट्यावर काढली, दोघींत अर्धा लिटर पाणी. सकाळी कातळ वाळल्यावर मैत्रिणीच्या खांद्यावर उभी राहून मी कशीबशी वर पोहोचले.

चूक दोराच्या लांबीची नव्हती. परतायची शेवटची संधी त्या उडीच्या आधी होती आणि ती आम्ही ओळखलीच नाही. तेव्हापासून खाली उतरायच्या प्रत्येक टप्प्यावर मी थांबते आणि विचारते, हा मला परत चढता येईल का? आणि वर चढताना उलट: हा सॅकसकट उतरता येईल का? चढताना पकडी डोळ्यांसमोर येतात, उतरताना पायाखाली दडतात. जोशात चढून गेलेला माणूस वर अडकतो तो यामुळेच.

आता निळी पेन्सिल घे. लाल रेघेवरच्या प्रत्येक खिंडीतून दोन्ही बाजूंना कुठे उतरता येईल ते काढ. घळींबाबत फार सावध राहा. वरून घळ अगदी सोपी दिसते, घसारा, मातीचा उतार. आणि निम्म्यात गेल्यावर कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर नेऊन सोडते. तोवर सरकत्या दगडांवरून परत चढायचं बळ उरलेलं नसतं. जी वाट तू किंवा तुझ्या भरवशाच्या कोणी स्वतः चालून पाहिली आहे, तीच पक्क्या रेघेने काढ. बाकी सगळ्या तुटक रेघेने. मग दोन पक्क्या वाटांमध्ये किती तासांचं अंतर पडतं ते मोज. सगळ्यात मोठं अंतर जिथे असेल त्या भागात सकाळी लवकर, ताज्या दमाने आणि स्वच्छ हवेतच शिरायचं. कोणत्या खिंडीत किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर खाली उतरायचं, हे घरी बसूनच वहीत लिही. वर गेल्यावर थकलेलं डोकं सोयीचा निर्णय घेतं.

पाणी. धार म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती रेषा, त्यामुळे माथ्यावर झरा सापडण्याची आशा धरू नकोस. ते खाली, घळींच्या तोंडाशी असतं. म्हणजे तुझ्या निळ्या रेघा पाण्याच्याही वाटा आहेत. स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे चार किलो. दोन दिवसांचं पाणी वाहायचं ठरवलंस तर आठ किलो नुसतं पाणीच, आणि त्या ओझ्यानिशी दृष्टिभय असलेल्या, म्हणजे खालची खोली बघून भीती वाटेल अशा अरुंद जागी तोल सांभाळायचा. बर्फ असला तरी इंधन लागतं. ताजा भुसभुशीत बर्फ भांडंभर वितळवला की तळाशी जेमतेम दहावा हिस्सा पाणी उरतं. मुक्कामही ऐन खिंडीत नको, तिथे वारा एकवटतो. थोडं खाली आडोशाला उतर, फक्त वरून दगड येण्याची जागा नाही ना ते बघ.

विजेचं थोडक्यात सांगते. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार सोडायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर यायचं नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी: मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं.

निघण्याआधी एक सराव कर. पूर्ण भरलेली सॅक घेऊन सोप्या कातळावर आडवा चाल. एखाद्या कोपऱ्यावरून वळताना सॅकची कड खडकाला घासेल आणि तुला हळूच बाहेर ढकलेल. तो धक्का आधी कमी उंचीवर अनुभव. प्रत्येक पकडीवर भार टाकण्याआधी तळव्याने थाप मार. पोकळ आवाज आला तर तो दगड सोड. हात-पाय मिळून तीन ठिकाणी आधार असल्याशिवाय चौथा हलवू नकोस. हे वाचून येत नाही, इतक्यांदा कर की लक्षात ठेवावं लागू नये.

नकाशा परत पाठवते आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या खिंडीच्या मध्ये मी पेन्सिलने एक गोल काढलाय. तिथे रेषा फार जवळ आल्या आहेत आणि खाली उतरायला मला काहीच दिसत नाही. समोरच्या डोंगरावर जाऊन दुर्बिणीतून ती जागा बघ, सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे सावल्यांवरून तुटलेली धार कळेल. काय दिसलं ते लिही. दोर किती मीटरचा घ्यायचा ते त्यानंतर ठरवू.

तुझी,
ताई