ख्रिस्ती धर्मात संत घोषित करण्याचा अधिकार कोणाचा? मुंबईचे आर्चबिशप करू शकतात का?

नाही. कॅथलिक चर्चमध्ये अंतिम घोषणा फक्त पोप करतात. आर्चबिशप चौकशी सुरू करू शकतात, तीही साधारणपणे त्या व्यक्तीचा मृत्यू त्यांच्या धर्मप्रांतात (त्यांच्या अखत्यारीतल्या भागात) झाला असेल आणि त्याला ५ वर्षं उलटली असतील तर. साक्षी, कागदपत्रं व्हॅटिकनला जातात. ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित व्हायला एक चमत्कार, संतपदासाठी आणखी एक. गाडी अडते ती इथेच: चमत्कार म्हणजे बहुतेकदा आजार बरा होणं, आणि ते तात्काळ, पूर्ण, टिकाऊ हवं आणि वैद्यकशास्त्राला त्याचं कारण सांगता येता कामा नये. हुतात्म्यांना पहिल्या चमत्काराची अट नाही.

आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले. संतपद मिळालं थेट १८६२ मध्ये!

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा अधिकार बिशपांच्या धर्मसभेकडे असतो. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत अशी प्रक्रियाच नाही.