गेंटला सायकल रेसचा सीझन करायला निघालास, तर व्हील्सच्या आधी पॉलिसी वाच

नोकरी सोडून एप्रिल ते जून बेल्जियममधल्या गेंटमध्ये खोली घेऊन राहायचं, केर्मेस रेस (गावातल्या रस्त्यांवर लॅप मारत होणाऱ्या सायकल रेस) मारायच्या, तर व्हील्स पन्नास मिलिमीटर रिमची नेऊ की पस्तीसची, असा तुझा प्रश्न आहे. पण खाली सहज एक ओळ टाकलीयेस, "इन्शुरन्स व्हिसा एजंटच करून देतोय, सगळं कव्हर आहे". ती वाचली आणि पोटात गोळा आला, म्हणून हे लांबड लावतोय. वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

रेसिंग लायसन्स, सायकलिंग फेडरेशनचं परदेशात रेस करायचं परवानगीपत्र, शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचा नियम, हे सगळं तुला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

एजंट देतो ती पॉलिसी व्हिसासाठी असते. व्हिसाला किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं, तेवढं भागेल अशी सगळ्यात स्वस्त पॉलिसी तो काढतो, त्याचा काही दोष नाही, त्याचं काम तुला व्हिसा मिळवून देणं. तू फिरायला गेलास आणि ट्रामसमोर आलास तर ती कामाला येईल. पण आत एक्सक्लुजनच्या (कव्हर नसलेल्या गोष्टींच्या) यादीत बहुतेक वेळा रेसिंग, स्पर्धात्मक खेळ आणि कधीकधी त्यांचं ट्रेनिंगसुद्धा बसलेलं असतं. म्हणजे तू तिथे जे दिवसभर करणार आहेस नेमकं तेच. आणि यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, नियम असा की जिथे रेस करशील, ट्रेनिंग करशील तिथे तुझा अपघाताचा आणि दुसऱ्याला इजा झाली तर त्याचाही विमा असला पाहिजे. पण केर्मेसला साइन-ऑन (रेसआधीची नोंदणी) म्हणजे गावातल्या कॅफेत एक टेबल, दोन आजोबा, लायसन्स बघतात, नंबर देतात, डिपॉझिट घेतात. पॉलिसी कोण वाचत बसतंय.

मीही असाच रेस करायला गेलो होतो, आणि जायच्या आधी विमा कंपनीला फोन करून विचारलं होतं. "अमॅच्युअर स्पोर्ट्स कव्हर्ड आहे सर", असं स्पष्ट सांगितलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, मेसेजमध्येही विचारू नका कुणी.

पुढे पूर्व फ्लँडर्समधल्या एका गावात पावसात रेस होती. चर्चच्या मागचा विटांचा कॉर्नर, पुढच्या दोघांची चाकं एकमेकांत अडकली आणि मी खांद्यावर. कॉलरबोनचे तीन तुकडे. हॉस्पिटलबद्दल तक्रार शून्य, पण तिथल्या आरोग्य विम्यात तू नसलास तर ऑपरेशनच्या आधी काउंटरवर ॲडव्हान्स मागतात. एक हात गळ्यात बांधलेला आणि दुसऱ्या हाताने मी कार्डाचा पिन दाबतोय. बिल लाखांत गेलं.

मग सुरू झाला क्लेमवाल्यांचा खेळ. आधी म्हणाले एफआयआर पाठवा. रेसमधल्या पडण्याचा एफआयआर! मग फॉर्मवर "रोड ॲक्सिडेंट" लिहिलं गेलं होतं म्हणून गाडीचा नंबर आणि ड्रायव्हिंग लायसन्स. सायकल आहे हो, म्हटलं. तर म्हणे मग तसं पत्र द्या, सायकलच्या बिलासकट. दर मेलला माणूस नवा, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची. शेवटी आलं की ही रेस आहे, रेस एक्सक्लुडेड. अमॅच्युअर म्हणून सांगितलं होतंत की, असं विचारलं तर उत्तर काय, तर या रेसला रोख बक्षीस आहे म्हणजे प्रोफेशनल. अरे केर्मेसला पहिल्या वीस-तीस जणांना पाकीट मिळतं, खालच्या नंबरांना चहापाण्याचे पैसे, आणि मी तर तोपर्यंत पाकिटाचं तोंडही बघितलं नव्हतं! फोनचं रेकॉर्डिंग मागितलं, "उपलब्ध नाही". कॉल लागला की आधी रेकॉर्डिंगचीच टेप वाजते ना यांची? असो, डोकं फिरतं आठवलं की.

कंपनीने नाकारलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. पुण्यातही ऑफिस आहे. माझं तिथे तडजोडीत काही निघालं, सगळं नाही.

तर फोनवर काहीही विचारू नकोस. मेल कर, आणि मेलमध्ये "सायकलिंग" एवढंच लिहू नकोस, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मास स्टार्ट (सगळे एकदम सुटतात ती) रोड रेस, अमॅच्युअर लायसन्स, रोख बक्षीस असलेली, आणि त्यासाठी रोज पब्लिक रोडवर ट्रेनिंग, हे सगळं एका वाक्यात लिही आणि कव्हर आहे का ते हो किंवा नाही लिहून माग. गोलगोल उत्तर आलं तर नाही समज. तुझ्यामुळे दुसरा पडला तर काय, ते वेगळं विचार. युरोपातल्या काही सायकलवाल्या पॉलिसी चांगल्या असतात पण बऱ्याचशा फक्त तिथल्या रहिवाशांनाच देतात, पैसे भरायच्या आधी ते बघ. मी एजंट नाही, वकील नाही, नियम बदलत असतात, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

आता रेसचं थोडं. पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाल्यापासून अशा पोस्टी वाढल्यात, चांगलंच आहे, पण एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल त्या पॉवरच्या) आकड्यावर तिथे फार विसंबू नकोस. आपण सिंहगड, बोपदेव एका लयीत चढून तयार झालेलो. तिथे सहा-आठ किलोमीटरचा लॅप, एकूण शंभर-एकशेवीस किलोमीटर, आणि प्रत्येक कॉर्नरनंतर स्प्रिंट. मागे राहिलास की प्रत्येक कॉर्नरला जवळजवळ थांबून परत पळायचं, पहिल्या अर्ध्या तासातच खेळ खल्लास. पहिला महिना रेस पूर्ण होणार नाहीत, घरी फोन करून रडू नकोस. आठवड्याला दोन रेस पुरे, मधल्या दिवशी शेल्ड नदीच्या काठाने औदेनार्दे गावाकडे सपाट रस्त्यावर आरामात फिरून ये. तिथल्या कोपेनबर्ग टेकडीचा बावीस टक्क्यांचा चढ हौस म्हणून एकदा चढ, त्याचा केर्मेसशी काही संबंध नाही.

आणि मडगार्ड ने. ग्रुप राइडला मडगार्ड नसला की मागचे लोक तोंडावर बोलतात, त्यांचं बरोबरच आहे.

पॉलिसीचं एक्सक्लुजनवालं पान इथे टाक, नाव-नंबर झाकून, मी वाचून सांगतो. व्हील्स आहेत तीच ने, टायर अठ्ठावीस मिलिमीटरचे टाक.