‘मीच मला नांदवीन’ : हा प्रयोग शुद्ध आहे का?

नाशिकच्या एका वाचक गटातील भगिनींनी विचारले आहे की, त्या वाचत असलेल्या कादंबरीत मारहाणीला कंटाळून घर सोडलेली नायिका पंचवटीतल्या भाड्याच्या खोलीत, तशाच दोघी जणींसोबत राहू लागते आणि ‘आता मीच मला नांदवीन’ असे म्हणते, तर हे मराठी बरोबर आहे का.

व्याकरणाची अडचण नाही. बसणे-बसवणे, हसणे-हसवणे यांसारखेच नांदणे-नांदवणे हे प्रयोजक रूप आहे, आणि ‘स्वतःला फसवणे’ आपण सहज म्हणतोच. खटकते ते सवयीमुळे, कारण नांदवणाऱ्याच्या जागी आपण नवरा किंवा सासरच पाहत आलो. मोडू घातलेल्या संसाराविषयी मुलाकडचे ‘ती नांदत नाही’ म्हणतात आणि मुलीकडचे ‘तो नांदवत नाही’. पहिल्या वाक्यात दोष तिचा, दुसऱ्यात अधिकार त्याचा, आणि तिला स्वतःला काय हवे आहे ते दोन्हींत कुठेच नाही. (जावई सासरी ‘नांदायला गेला’ हे मात्र आपण थट्टेतच म्हणतो.) या नांदण्यावरून खटलाही गाजला आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला, तेव्हा रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली.

शब्दाचे मूळ मात्र संस्कृत ‘नन्द्’ धातूत, म्हणजे आनंद आणि नाटकातली नांदी यांच्याच घरात आहे. शिवाय नांदायला नवरा लागतो असेही नाही. भाऊ-भाऊ गुण्यागोविंदाने नांदतात, गाव नांदते असते. त्या खोलीतल्या तिघी एकमेकींचे दुखणे-खुपणे काढतात, एकीच्या कमाईत तिघींचे भागवतात, आणि कोणी कोणाला ‘ठेवून घेतलेले’ नसते. त्यांच्या या मायेला ‘नांदणे’ हाच शब्द मला नेमका वाटतो. येथे ‘मी आत्मसन्मानाने जगेन’ असे लिहिले असते, तर ते भाषणातले वाक्य झाले असते, कारण जो शब्द वापरून तिला इतकी वर्षे गप्प बसवले, तोच तिने येथे आपल्याकडे ओढून घेतला आहे. प्रमाण लेखनात ‘मला’ऐवजी ‘स्वतःला’ हवे, हे खरे. पण हा संवाद आहे, आणि तिच्यासारखी बाई बोलताना ‘मला’च म्हणेल.